अंधारातील गांधीलमाशी : व्हर्जिनिया वुल्फ यांच्या युद्धकालीन निबंधातील प्रतीके आणि सार्वजनिक उत्तरदायित्व

प्रास्ताविक

युद्धविषयक साहित्याची चर्चा होते तेव्हा आपल्यासमोर कादंबरी, कविता आणि सैनिकांची आत्मकथने हे प्रकार प्रामुख्याने येतात. आत्मपर निबंधाचा विचार या संदर्भात अभावानेच केला जातो. याचे एक कारण आपल्या वाङ्मयीन परंपरेत सापडते. मराठीत लघुनिबंध या नावाने जो प्रकार ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी रुजविला, तो सर्वसाधारणपणे खाजगी अनुभव, मित्रत्वाच्या गप्पा आणि प्रसन्न चिंतन या अंगांनी वाढला. त्यातील ‘मी’ हा घरातला, फार तर रस्त्यावरचा ‘मी’ होता. युद्ध ही बाब मात्र राज्यांची, मंत्रिमंडळांची आणि सैन्यांची. अंथरुणात पडून राहिलेल्या एका व्यक्तीला युद्धाविषयी काही उत्तरदायित्व असू शकते काय, आणि असल्यास ते तिने कोणत्या भाषेत स्वीकारावे, असा प्रश्न त्या निबंधाने स्वतःला फारसा विचारला नाही.

व्हर्जिनिया वुल्फ (१८८२-१९४१) यांचा ‘थॉट्स ऑन पीस इन ॲन एअर रेड’ हा छोटा निबंध नेमक्या याच प्रश्नाभोवती उभा आहे. स्त्रियांशी संबंधित प्रचलित प्रश्नांवरील एका अमेरिकन परिसंवादासाठी ऑगस्ट १९४० मध्ये तो लिहिला गेला. ‘द न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकात २१ ऑक्टोबर १९४० रोजी तो प्रसिद्ध झाला आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १९४२ साली ‘द डेथ ऑफ द मॉथ’ या संग्रहात समाविष्ट झाला. प्रस्तुत लेखिकेने तो प्रथम एम. फिल.च्या अभ्यासाच्या काळात एका पुसट झेरॉक्स प्रतीवरून वाचला, आणि पुढे वर्गात शिकविताना त्याचा मराठी अनुवाद करून पाहिला. या लेखातील काही निरीक्षणे अनुवाद करताना आलेल्या अडचणींतूनच निघाली आहेत.

येथे निबंधातील प्रतीकांची यादी करून प्रत्येकासमोर त्याचा अर्थ मांडण्याचा हेतू नाही. (ती सवय आपल्या परीक्षापद्धतीने लावली आहे, विद्यार्थ्यांना त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही.) प्रस्तुत लेखिकेचे म्हणणे असे आहे की, या निबंधात प्रतीके ही विचारावर चढविलेली सजावट नाही. उत्तरदायित्वाचा युक्तिवादच प्रतीकांच्या हालचालीतून पुढे सरकतो, आणि हा युक्तिवाद जेथे डळमळतो तेथे ते डळमळणेही प्रथम प्रतीकांतच दिसून येते.

लेखनाचा प्रसंग

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला होता. जर्मन सैन्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरेल ही भीती त्या उन्हाळ्यात सर्वत्र होती. वुल्फ पतिपत्नी ससेक्समधील रॉडमेल या खेड्यात ‘मंक्स हाउस’ या आपल्या घरी राहत होती. हे गाव दक्षिण किनाऱ्यापासून फार दूर नाही. त्यामुळे जर्मन विमानांचा मार्ग त्यांच्या छपरावरूनच जात असे. लिओनर्ड वुल्फ ज्यू होते. नाझी सैन्य आलेच तर जीवन संपवावे, असा विचार उभयतांनी करून ठेवला होता हे व्हर्जिनिया यांच्या दैनंदिनीवरून समजते. त्याआधी जुलै १९३७ मध्ये त्यांचा भाचा ज्यूलियन बेल स्पेनच्या यादवी युद्धात रुग्णवाहिका चालवीत असताना मारला गेला होता. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थ्री गिनीज’ या ग्रंथात, युद्ध कसे टाळता येईल या एका पुरुषाच्या प्रश्नाला त्यांनी विस्तृत पत्ररूपाने उत्तर दिले होते. स्त्री ही राष्ट्राच्या व्यवस्थेत बाहेरची असल्यामुळे तिने बाहेरूनच शांततेसाठी काम करावे, असा त्या ग्रंथाचा रोख होता.

दोन वर्षांनंतर हे ‘बाहेर’ उरले नाही. बाँब पडताना बाहेरचा व आतला असा भेद करीत नाही. ‘थ्री गिनीज’मध्ये संदर्भांची आणि टीपांची भक्कम तटबंदी आहे, या निबंधात हाताशी आहे ती फक्त सकाळी वाचलेल्या वर्तमानपत्राची आठवण, काही अर्धवट स्मरणारी अवतरणे आणि कानावर पडणारे आवाज. पुढील मार्च महिन्याच्या २८ तारखेला, १९४१ साली, लेखिकेने आत्महत्या केली. या घटनेच्या प्रकाशात निबंधाचे वाचन करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे असे वाटते, कारण निबंधातील अंधार हा ब्लॅकआउटचा अंधार आहे आणि त्यातील मन कमालीचे जागे आहे.

आवाज आणि ध्वनी

निबंधाची रचना साधी आहे. रात्र आहे, दिवे बंद आहेत, एक स्त्री अंथरुणात पडून डोक्यावरून फिरणारी विमाने ऐकते आहे. विमान दिसत नाही, ऐकू येते. अंधारात घोंघावणारी आणि कोणत्याही क्षणी डंख मारून प्राण घेऊ शकणारी गांधीलमाशी, ही निबंधातील पहिली प्रतिमा होय. शांततेविषयी सलग आणि थंड डोक्याने विचार करण्यात हा आवाज व्यत्यय आणतो. आणि तरीही प्रार्थना व स्तोत्रे यांच्यापेक्षा या आवाजानेच माणसाला शांततेचा विचार करावयास भाग पाडले पाहिजे, असे लेखिका लगेच म्हणते. ही विसंगती ती सोडवीत नाही. पुढचा सारा निबंध त्या विसंगतीच्या पोटातच घडतो.

यानंतर या गांधीलमाशीचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. राजकारणात स्त्रियांना काही बोलता येत नाही, मंत्रिमंडळात एकही स्त्री नाही, अशी तक्रार करणारा एका स्त्रीचा स्वर सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये होता. हा स्वर म्हणजे मनात घोंघावू लागलेली दुसरी गांधीलमाशी. आकाशातील माशीने मनातील माशीला जागे केले. थोड्या वेळाने विमानांचा आवाज बदलतो. घरावरची फांदी कोणी करवतीने कापीत आहे असा तो वाटू लागतो. लगेच दुसरी एक करवत मेंदूत चालू लागते. ही लेडी अ‍ॅस्टर यांच्या विधानाची करवत आहे. पुरुषांच्या अंतर्मनात दडलेला हिटलर कर्तृत्ववान स्त्रियांना दाबून ठेवतो, असा त्या विधानाचा आशय होता. (१९१९ साली ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात प्रत्यक्ष आसन घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. १९४० सालीही हे विधान त्यांना वर्तमानपत्रातून करावे लागत होते, हे ध्यानात घ्यावे.)

बाहेरचा आवाज आणि आतला आवाज यांची ही जोडी निबंधात पुन्हा पुन्हा येते. आपल्या काव्यशास्त्रात ‘ध्वनी’ हा शब्द नाद आणि सूचितार्थ या दोन्ही अर्थांशी निगडित आहे. घंटेवर टोला पडून गेल्यावरही तिचे अनुरणन चालू राहते, त्याप्रमाणे वाच्यार्थानंतर व्यंग्यार्थ जाणवत राहतो, अशी उपमा आनंदवर्धनांच्या परंपरेत दिली जाते. वुल्फ यांना ही परिभाषा अर्थातच परिचित नव्हती. परंतु त्यांच्या निबंधात ती जवळजवळ शब्दशः घडते. आकाशात आवाज होतो आणि त्याचे अनुरणन मनात अर्थ होऊन उमटते. येथे प्रतिमा आणि प्रतीक यांतील फरकही स्पष्ट होतो. गांधीलमाशी एकदाच आली असती तर ती विमानाच्या आवाजाची नेमकी प्रतिमा ठरली असती, इतकेच. ती दुसऱ्यांदा, जागा बदलून, मनाच्या आत येते तेव्हा तिचे प्रतीक होते. कारण आता ती शत्रूच्या विमानापुरती राहात नाही. सत्तेची आणि आक्रमणाची जी वासना वर आकाशात यंत्र होऊन फिरते आहे, तिचाच आवाज घरात, वर्तमानपत्रात, मंत्रिमंडळाच्या खोलीत आणि स्वतःच्या डोक्यातही आहे.

उत्तरदायित्वाचा मुद्दा येथून सुरू होतो. युद्ध केवळ ‘तिकडचे’ असते तर अंथरुणातील स्त्री ही निव्वळ बळी ठरली असती, आणि बळीला उत्तर देण्याची गरज नसते. तोच आवाज आत आहे असे एकदा मान्य केले की तिला उत्तर द्यावे लागते. निबंधातील ध्वनिक्षेपक याच्या नेमके उलट काम करतात. आपण स्वतंत्र आहोत आणि स्वातंत्र्याच्या रक्षणार्थ लढत आहोत, असे ते रोज सांगतात. दोष एकाच व्यक्तीचा, ती नष्ट झाली की सारे मुक्त. ध्वनिक्षेपकाचा आवाज फक्त बाहेर फेकला जातो, त्याला अनुरणन नाही. वुल्फ हा प्रवाह म्हणून पाहतात आणि ब्लेक या कवीकडून घेतलेली मनाच्या लढ्याची कल्पना या प्रवाहाविरुद्ध उभी करतात. त्यांच्या मते मनाने लढणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध विचार करणे. हाताशी गॅस मास्क असलेल्यांनी वायूने फुगलेल्या शब्दांच्या पिशव्या फोडाव्यात, अशा अर्थाचा एक विनोदही त्या येथे करून जातात. बाँब पडत असताना केलेला हा विनोद मराठीत आणणे प्रस्तुत लेखिकेला जमले नाही.

करवतीच्या प्रतिमेविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. वर्गात ही प्रतिमा आली की विद्यार्थी हमखास ‘बसल्या फांदीवर घाव’ असा अर्थ लावतात. लहानपणी ऐकलेली, ज्या फांदीवर बसला तीच तोडणाऱ्या कालिदासाची गोष्ट त्यांच्या मनात असते. हे वाचन चूक आहे, कारण निबंधातील फांदी आपल्या डोक्यावरची आहे आणि ती दुसराच कोणी कापतो आहे. पण करवत मेंदूत शिरल्यानंतर मात्र विद्यार्थ्यांचे वाचन तितकेसे चुकीचे राहत नाही. फांदी आपली आणि करवतही आपल्याच डोक्यात, अशी अवस्था तेथे येते.

‘आपण’ आणि ‘आम्ही’

इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच सर्वनाम आहे. मराठीला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतून निवड करावी लागते. अनुवादात ही अडचण वाटली, परंतु नंतर लक्षात आले की निबंधाच्या उत्तरदायित्वाचा सारा नकाशा याच निवडीत दडलेला आहे.

आरंभीच्या परिच्छेदात, शांतता विचारानेच अस्तित्वात आणली नाही तर या एका अंथरुणातील हा एक देहच नव्हे, तर अजून जन्मालाही न आलेले लक्षावधी देह याच अंधारात पडून हीच घरघर ऐकतील, असे लेखिका म्हणते. हे निःसंशय ‘आपण’ आहे, सर्व मानवजातीचे. त्यानंतर लगेच संरक्षण करणारे पुरुष आणि आक्रमण करणारेही पुरुष असा उल्लेख येतो; इंग्लिश स्त्रीच्या हाती शत्रूशी लढण्यासाठी वा स्वसंरक्षणासाठी शस्त्र दिलेले नाही, ती निःशस्त्र पडून आहे. येथे सर्वनाम ‘आम्ही’ होते. पुढे, आकाशातील तरुण वैमानिक आणि अंथरुणातील स्त्री हे दोघेही आज रात्री कैदी आहेत असे म्हटले जाते. तो यंत्राच्या पेटीत बंदुकीसह बंद, ती अंधारात गॅस मास्कसह बंद. येथे पुन्हा ‘आपण’. आणि मग, तो विचार करावयास थांबला तर मारला जाईल, तेव्हा त्याच्या वतीने विचार करावा, असा निर्णय होतो. हे पुन्हा ‘आम्ही’.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील ही ये-जा अपघाती नाही. स्त्री म्हणून वेगळे पडणे आणि माणूस म्हणून सामील असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी एकीच्या आश्रयाला जाऊन दुसरीतून सुटका करून घेणे लेखिका नाकारते. आम्हाला अधिकारच नाही, मग आमची जबाबदारी कसली, हा युक्तिवाद तिला सहज उपलब्ध होता. तिने तो मांडूनही पाहिला आहे. उशीत डोके खुपसून कान बंद का करू नयेत, असे ती स्वतःला विचारते. उत्तर म्हणून जे प्रतीक येते ते टेबलाचे आहे. सैन्याधिकाऱ्यांच्या आणि परिषदांच्या टेबलांखेरीज जगात आणखीही टेबले आहेत; चहाच्या टेबलाजवळ होणारा विचार निरुपयोगी दिसतो म्हणून तो सोडून दिला, तर त्या तरुण वैमानिकाला आपण एका शस्त्रापासून वंचित करू. चहाच्या टेबलावरचा विचार हा इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या वायफळ बोलण्याविषयीचा टोमणा. तोच उचलून त्याला शस्त्राच्या पंक्तीत बसविण्याचे धाडस येथे आहे.

खिळा

निबंधातील सर्वांत प्रामाणिक भाग तो, जेथे प्रतीकांची ही सारी हालचाल थांबते. करवतीचा आवाज वाढतो, सर्चलाइटचे सर्व झोत नेमके याच छपरावरील बिंदूकडे वळतात. लेखिका सेकंद मोजू लागते. बाँब पडत नाही. परंतु त्या काही सेकंदांत विचार पूर्णपणे थांबला होता; सारे अस्तित्व एका खिळ्याने कठीण फळीला ठोकून ठेवल्यासारखे झाले होते. गांधीलमाशी उडते, करवत चालते. खिळा हलत नाही. निबंधातील हे एकमेव अचल प्रतीक आहे आणि त्याला आतली जोडी नाही. आकाशातील खिळा आणि मनातील खिळा असे तेथे काही नाही. बाहेर-आत हा भेदच त्या क्षणी मिटलेला आहे.

यावरून लेखिका असा निष्कर्ष काढते की, भय आणि द्वेष या भावना वांझ आहेत. भय सरताच मन पुन्हा निर्मितीकडे धाव घेते. खोलीत अंधार असल्याने ते फक्त स्मृतीतूनच काही घडवू शकते, म्हणून इतर ऑगस्ट महिने आठवतात. बायरॉइटला ऐकलेले वॅग्नरचे संगीत, रोमजवळच्या कँपान्यातील भटकंती, लंडन, मित्रांचे आवाज, कवितांचे तुकडे. (जर्मन विमान डोक्यावर असताना आठवणीत प्रथम जर्मन संगीत यावे, आणि तेही हिटलरला प्रिय असलेल्या वॅग्नरचे, याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. लेखिका त्यावर भाष्य करीत नाही.)

हा निष्कर्ष मात्र निबंधाच्या आरंभाशी जुळत नाही. भय जर पूर्णपणे वांझ असेल, तर गांधीलमाशीच्या आवाजाने विचाराला प्रवृत्त कसे केले? प्रस्तुत लेखिकेच्या मते याचे उत्तर निबंधाच्या तर्कात नसून प्रतीकांच्या फरकात आहे. गांधीलमाशी डंख मारू शकते, अजून मारलेला नाही. तिच्या आणि आपल्यामध्ये थोडे अंतर आहे, आणि विचार त्या अंतरातच संभवतो. खिळ्यात अंतर नाही. म्हणजे शांततेचा विचार हा ज्याच्या घरावर बाँब पडला नाही त्यालाच शक्य होतो. लेखिकेला हे सुचवावयाचे होते की नाही ते सांगता येत नाही, पण खिळ्याचे प्रतीक हे सांगून जाते. आणि एकदा ते कळले की या निबंधातील चिंतनाकडे निव्वळ धैर्याचा नमुना म्हणून पाहता येत नाही. ज्यांना विचार करण्याइतके अंतर लाभले आहे त्यांच्यावरचे ते ऋण ठरते. टेकडीवर, पानझडीच्या रंगांच्या चिंध्या लावलेल्या जाळीखाली दडविलेल्या तोफाच हे अंतर लेखिकेला मिळवून देत आहेत. ज्या बंदुकीच्या मोबदल्यात पुरुषाला काही दुसरे, अधिक सन्माननीय काम दिले पाहिजे असे ती म्हणते, त्याच बंदुकीच्या आडोशाने ती हे लिहीत आहे. निबंध ही अडचण लपवीत नाही, सोडवीतही नाही.

एक न पटणारे प्रतीक

अंतर्मनातील हिटलरशाहीचा अर्थ सांगताना लेखिका अंधारातही दिसू शकणारे एक दृश्य उभे करते. झगमगणाऱ्या दुकानांच्या काचा, त्यांकडे टक लावून पाहणाऱ्या नटलेल्या स्त्रिया, त्यांचे लाल ओठ व लाल नखे. या स्त्रिया दुसऱ्याला गुलाम करू पाहणाऱ्या गुलाम आहेत आणि अशा गुलामांतूनच हिटलर निपजतात, असा विचार येतो.

हे प्रतीक फसले आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. एक तर ब्लॅकआउटच्या काळात झगमगती दुकाने कोठेच नव्हती. म्हणजे हे ऐकलेले वा पाहिलेले नसून कल्पनेने आणलेले दृश्य आहे, आणि आवाजांच्या या निबंधात ते उपरे वाटते. दुसरे असे की, निबंधातील शत्रूच्या वैमानिकालाही स्वतःचा आवाज आहे, मागील युद्धातील पदकांच्या मोहाने भारलेल्या तरुणालाही स्वतःचे शब्द आहेत. या स्त्रियांना मात्र फक्त ओठ आणि नखे आहेत. त्या कोण, कोठे काम करतात, कोणाला गुलाम करू पाहतात, हे काहीच कळत नाही. माणसाला गणवेशात बसवून त्याचे तोंड पुसून टाकणे हे युद्धाचे काम. येथे तेच काम प्रतीकाने केले आहे. यात वर्गीय तुच्छताही आहे. बायरॉइटला संगीत ऐकणे निर्मितीशील आणि दुकानाच्या काचेसमोर उभे राहणे दास्याचे, ही विभागणी सुस्थित घरातील आहे. लगेच पुढच्या वाक्यात ‘त्या’ जाऊन ‘आपण’ येते, आपण स्वतःला दास्यातून मुक्त केले तर पुरुषांनाही जुलमातून मुक्त करू, असे म्हटले जाते. लेखिकेने स्वतःला त्या गर्दीत सामील करून घेतले, असा बचाव यावरून करता येईल. पण तो अर्ध्यावरच टिकतो. या परिच्छेदात उत्तरदायित्वाचा भार जी सर्वांत कमी अधिकाराची आहे तिच्या अंगावर सर्वांत अधिक पडतो.

मातृत्वाचा दृष्टान्त याच्याशी ताडून पाहावा. शांतता परिषदेच्या कागदावर ‘निःशस्त्रीकरण’ असे लिहिल्याने पुरुषातील लढण्याची प्रवृत्ती नाहीशी होणार नाही, हे पटविण्यासाठी लेखिका विचारते की, उद्या राजकारण्यांच्या टेबलाने आज्ञा केली म्हणून स्त्रिया मातृत्वाची प्रेरणा बंद करतील काय? येथे स्त्रीचा अनुभव पुरुषाला समजून घेण्याचे साधन होतो. आधीच्या परिच्छेदात नसलेली सहानुभूती येथे आहे, म्हणूनच हा दृष्टान्त आजही वर्गात तीव्र चर्चा घडवून आणतो.

चहाचा पेला, सफरचंद आणि घुबड

सर्चलाइटच्या झोतात अखेर विमान सापडते. खिडकीतून ते चंदेरी किड्यासारखे वळवळताना दिसते. जी गांधीलमाशी ऐकू येत होती ती दिसू लागताच लहान आणि केविलवाणी होते. त्यानंतर जवळच्याच शेतात काही दिवसांपूर्वी सुखरूप उतरलेल्या एका जर्मन वैमानिकाची हकिकत येते. लढाई संपल्याचा आनंद त्याने बऱ्यापैकी इंग्रजीत बोलून दाखविला. एका इंग्लिश पुरुषाने त्याला सिगारेट दिली आणि एका इंग्लिश स्त्रीने चहा करून दिला. यावरून लेखिका म्हणते की, माणसाला यंत्रातून मोकळे करता आले तर बी अगदीच खडकावर पडत नाही.

बी आणि खडक ही बायबलमधील प्रतिमा इंग्रजी वाचकाला सहज कळणारी आहे. परंतु आपल्या वाचकाला चहाचा पेलाच अधिक लवकर कळतो; दारी आलेल्या परक्याला चहा विचारणे हा येथेही माणुसकीचा किमान पुरावा मानला जातो. वर उल्लेखिलेले चहाचे टेबल येथे प्रत्यक्ष वापरात आलेले दिसते. तथापि या पेल्यावर निबंधाने फार मोठा भार टाकला आहे. तो वैमानिक आता निःशस्त्र आणि बंदिवान होता. हातात शस्त्र नसलेल्या शत्रूला चहा देणे आणि शस्त्रासह डोक्यावर फिरणाऱ्याविषयी तसाच विचार करणे यांत फार अंतर आहे. लेखिकेला हे जाणवले असावे, कारण तिचे वाक्य येथे बेताचे होते. बी रुजेल असे ती म्हणत नाही, ते सकस असू शकेल इतकेच म्हणते.

तोफा थांबतात. उन्हाळी रात्रीचा नैसर्गिक अंधार परत येतो. एक सफरचंद धपकन जमिनीवर पडते. एक घुबड झाडावरून झाडावर जाताना घुत्कारते. सफरचंद दिसले की एदेनची बाग आणि आदिपाप यांचा शोध घेण्याची घाई टीकेत होते. तशी गरज नाही. मघाशी जे पडावयाचे होते ते पडले नाही. आता जे पडले ते फक्त सफरचंद आहे, आणि त्या आवाजाने मनात कोणतीही करवत सुरू झाली नाही. त्याचे महत्त्व तेवढेच. घुबड आपल्याकडे अशुभ, म्हणून हा शेवट अमंगल आहे, असे एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत लिहिले होते. निबंध या आवाजांना निरागस म्हणतो आणि त्याचे म्हणणे मान्य करावयास हवे. हे आवाज कशाचेही प्रतीक नसणे, हीच त्या रात्रीची शांतता होय.

दुसऱ्या अर्ध्या जगाकडे

ध्वनिक्षेपकांचे ‘स्वतंत्र लोक’ हे वर्णन लेखिका स्त्रियांच्या बाजूने खोडून काढते. परंतु त्याच साम्राज्यातील कोट्यवधी लोकांना ते वर्णन लागूच नव्हते, याचा उल्लेख निबंधात नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील लोकप्रतिनिधींचा सल्ला न घेता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले होते. वुल्फ यांच्या घरी हा विषय अपरिचित होता असे म्हणता येत नाही. लिओनर्ड वुल्फ अनेक वर्षे मजूर पक्षाच्या साम्राज्यविषयक सल्लागार समितीचे चिटणीस होते. म्हणून हे मौन अज्ञानाचे नसून दृष्टीच्या मर्यादेचे आहे. निबंधातील ‘आपण’ अजन्म्या लक्षावधींपर्यंत पोचते, जर्मन आणि इटालियन तरुणांपर्यंत पोचते, पण वसाहतींपर्यंत पोचत नाही.

येथे एका योगायोगाची नोंद करणे अप्रस्तुत ठरू नये. निबंध अमेरिकेत प्रसिद्ध होण्याच्या चारच दिवस आधी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबा भावे यांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले आणि काही दिवसांतच त्यांना अटक झाली. गांधीजींनी या सत्याग्रहाची योजनाच अशी केली होती की, एकेका निःशस्त्र व्यक्तीने युद्धाच्या प्रवाहाविरुद्ध आपला शब्द जाहीरपणे उच्चारावा. दोन्ही प्रसंगांत शब्द हेच साधन आहे आणि व्यक्ती एकटी आहे. फरक असा की, विनोबांचा शब्द उघड्यावर उच्चारला गेला आणि त्याची किंमत तुरुंगवासाने चुकविली गेली. वुल्फ यांचा शब्द अंधाऱ्या खोलीत जुळविला गेला आणि टपालाने पाठविला गेला. यावरून दुसऱ्याला कमी लेखू नये. वुल्फ यांच्या डोक्यावर त्या वेळी विमान होते, आणि पवनारच्या आकाशात ते नव्हते.

हा टपालाचा मुद्दा निबंधाच्या शेवटाशी निगडित आहे. झोपेच्या सीमेवर लेखिकेला एका जुन्या इंग्रजी लेखकाचे अर्धविस्मृत शब्द आठवतात. नाव दिलेले नाही, परंतु ते सर थॉमस ब्राउन यांचे असून १६५८ सालच्या ‘द गार्डन ऑफ सायरस’च्या अखेरीस येतात. पृथ्वीच्या एका अर्ध्यावर रात्र असताना अमेरिकेत शिकारी जागे झालेले असतात, असा त्यांचा आशय. मशीनगनच्या आवाजाने ज्यांची झोप अजून मोडलेली नाही अशा तेथील स्त्रीपुरुषांकडे आपली ही कच्ची टिपणे पाठवून, ते त्यांचा उदार मनाने पुनर्विचार करतील आणि त्यांतून काही उपयोगाचे घडवतील, अशी अपेक्षा व्यक्त करून लेखिका झोपी जाते. शांततेविषयीचे टिपण शिकाऱ्यांच्या हाती सोपवावे लागावे, यातील उपरोध तिच्या ध्यानात आला नसेल असे वाटत नाही. तिने शिकाऱ्यांच्या जोडीला स्त्रियांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ज्या वाचकांसाठी हे लिहिले त्यांना विचार करण्याइतके अंतर त्या वेळी खरोखरच होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बाँब पडले तेव्हा निबंध प्रसिद्ध होऊन साडेतेरा महिने झाले होते, आणि लेखिका जाऊन आठ.